खाण आटली, गाव राहिलं: सावालुंतोचं प्रकरण

इंडोनेशियातल्या पश्चिम सुमात्रा प्रांतात सावालुंतो शहरानं २००१ साली एक स्थानिक कायदा मंजूर केला. २०२० सालापर्यंत हे शहर 'संस्कृती जपणारं खाण-पर्यटनाचं शहर' होईल, असं त्यात लिहिलं होतं. त्या वेळी उघड्या खाणीतला सहज निघणारा कोळसा संपत आला होता. खाण कंपनीची माणसं बिऱ्हाडं हलवत होती आणि पाडांग बंदराकडं कोळसा नेणारी मालगाडी शेवटच्या फेऱ्या मारत होती. असे ठराव आपण बरेच पाहिलेत. ते वाजतगाजत मंजूर होतात आणि बासनात जाऊन बसतात. इथं मात्र दिलेल्या मुदतीच्या एक वर्ष आधी, जुलै २०१९मध्ये, बाकू इथल्या बैठकीत युनेस्कोनं 'सावालुंतोचा ओम्बिलिन कोळसा खाण वारसा' जागतिक वारसा यादीत घेतला.

म्हणून हे प्रकरण तपासण्याजोगं आहे. पोट भरणारा एकमेव धंदा बुडत असताना एका लहान शहरानं आपला इतिहास विकायला काढला, तो कसा विकला, त्यातला कुठला भाग दुकानाच्या दर्शनी मांडला आणि कुठला मागच्या खोलीत ठेवला, हे इथं नीट दिसतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. सावालुंतोनं मजुराची गोष्ट पुढं आणली म्हणून हा प्रयोग तगला. पण ती गोष्ट त्यांनी भूतकाळात बंद करून टाकली, आणि तिथं तो कच्चा राहिला.

कोळसा, घाट आणि बेड्या

बारिसान डोंगररांगांत, चारी बाजूंनी टेकड्यांनी वेढलेल्या अरुंद खोऱ्यात हे गाव वसलेलं आहे. लुंतो नावाची छोटी नदी मधून वाहते. विलेम हेंड्रिक डी ग्रेव्ह हा तरुण डच खाण-अभियंता १८६७-६८च्या सुमारास ओम्बिलिन नदीच्या परिसरात फिरत होता, तेव्हा त्याला दगडी कोळशाचे जाड थर सापडले. १८७१ साली त्याचा अहवाल निघाला आणि पुढच्याच वर्षी क्वांतान नदीत बुडून तो मेला. सुवेझ कालवा १८६९ साली खुला झालेला होता आणि वाफेच्या बोटींची ये-जा वाढत होती. डचांच्या या वसाहतीला स्वतःचा कोळसा हवाच होता. अडचण होती ती तो समुद्रापर्यंत न्यायची. पूर्वेकडं, सिंगापूरच्या बाजूला नदीवाटे उतरवायचा, की डोंगर ओलांडून पश्चिमेला पाडांगला न्यायचा, यावर जवळपास वीस वर्षं काथ्याकूट झाला. शेवटी पश्चिमेची बाजू जिंकली.

मग सगळं एका झपाट्यात झालं. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला खाण चालू झाली. १८९४ साली सरकारी रेल्वे सावालुंतोपर्यंत पोचली आणि पाडांगजवळ एम्माहेवन हे नवं बंदर उभं राहिलं. आज त्यालाच तेलुक बायूर म्हणतात. खाण ते बंदर हे अंतर सुमारे १५५ किलोमीटर. वाटेत आनाई खोऱ्यातला घाट इतका तीव्र आहे की साध्या रुळांवर गाडी चढेना. म्हणून रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी टाकली आणि इंजिनाखाली दातेरी चाक बसवलं. निलगिरीच्या गाडीनं कुन्नूरला गेलेल्यांना ही करामत ठाऊक असेल. तिथं ती प्रवाशांसाठी होती, इथं कोळशासाठी. गावाला लागूनच आठशे मीटरहून लांब बोगदा खोदावा लागला. 'लुबांग कालाम', म्हणजे काळोखी भोक, हे त्याचं नाव अजून चालतं.

एवढं सगळं खणायला माणसं कुठून आणायची? आजूबाजूचे मिनांगकाबाऊ लोक शेतीवाडी आणि व्यापारउदीम करणारे. जमिनीखाली उतरायला ते फारसे राजी नव्हते. तेव्हा जावा, बाली, सुलावेसी अशा बेटांवरच्या तुरुंगांतून कैदी आणले गेले. त्यांना साखळदंड घालून बोटीनं पाडांगला आणायचे, तिथून खाणीत. लोक त्यांना 'ओरांग रंताय' म्हणू लागले, म्हणजे साखळीवाले. अंदमानात सेल्युलर जेलचा पाया १८९६ साली घातला गेला. त्याच्या थोडं आधीपासून इथं हे चालू होतं. कैद्यांबरोबर करारावरचे मजूर होते. करार मोडून पळालं तर त्यांनाही शिक्षा होती. शिवाय मोकळे रोजंदार आणि चिनी कामगार होते, त्या सगळ्यांवर मुकादम, आणि सर्वांत वर डच अभियंते. कैद्यांमध्ये सगळेच चोर-दरोडेखोर नव्हते. जावातल्या सामीन चळवळीचा म्होरक्या सामीन सुरोसेंतिको शेतसारा देणार नाही म्हणाला, म्हणून १९०७ साली त्याला पकडून सुमात्राला धाडलं. १९१४ साली तो पाडांगलाच वारला.

मेलेल्या कैद्यांच्या थडग्यांवर नाव नसे, नुसता क्रमांक. असे दगड गावात आजही दाखवतात. सावालुंतोबद्दल वाचताना मला खरी टोचली ती हीच गोष्ट, आणि पुढं शहरानं जे केलं ते याच क्रमांकांच्या अंगानं मोजावं असं मला वाटतं.

अडचण काय होती

स्वातंत्र्यानंतर खाण इंडोनेशियाच्या सरकारकडं आली. १९९० साली ती बुकिट आसाम या सरकारी कंपनीत विलीन झाली. त्याच वर्षी आणखी एक बदल झाला, जो पाहुण्यांना कुणी सांगत नाही. डचांच्या वेळचं सावालुंतो शहर जेमतेम आठशे हेक्टरांचं होतं. त्याची हद्द वाढवून आसपासची तालावी, सिलुंगकांग वगैरे गावं आत घेतली आणि क्षेत्र २७३ चौरस किलोमीटर झालं. म्हणजे आजच्या शहरात जुनी डच पेठ आहे, विणकरांची गावं आहेत, भातशेती आहे आणि चालू कोळसा खाणीही आहेत. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

१९९८ साली राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंची सत्ता गेली आणि २००१पासून जिल्हे-शहरांना आपला कारभार आपण पाहण्याचे अधिकार मिळाले. नेमकं तेव्हाच इथली उघडी खाण बंद व्हायला आली. अधिकार हातात आणि तिजोरी रिकामी! कंपनी गेली की पगार जातात, पगारामागून दुकानं, दुकानांमागून शाळेतली मुलं. सावालुंतो भुताचं शहर होणार असं लोक उघड बोलत होते. काही जणांनी सोडलेल्या जागांवर स्वतःच भोकं पाडून कोळसा काढायला घेतला, त्यात जीव गमावण्याचा धोकाही पत्करला. शेती वाढवावी असं म्हणणारेही होते, पण उतारावरच्या आणि खणून ठेवलेल्या जमिनीत शेती ती किती होणार?

मग पर्यटन. खरं सांगायचं तर तेव्हा हा पर्याय वेडगळ वाटायला हवा होता. समुद्र दूर, विमानतळ दूर, रेल्वे बंद होत आलेली. पाडांगहून यायचं तर सितिंजाऊ लाउइकचा घाट चढायचा. ट्रकवाल्यांमध्ये त्या घाटाचा धाक आहे. इतक्या लांब माणूस कोळशाची धूळ पाहायला का येईल?

स्वयंपाकघरापासून सुरुवात

आमरान नूर २००३ ते २०१३ अशी दहा वर्षं महापौर होते. ठरावाला हातपाय फुटले ते त्यांच्या काळात. दुसऱ्या कुणी असतं तर आधी डचांचे बंगले रंगवून घेतले असते, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या मांडल्या असत्या आणि 'वसाहतकालीन वैभव' अशी पाटी लावली असती. बंगले इथंही आहेत, साहेबांचा १९१०चा क्लब आहे, कंपनीचं १९१६चं टुमदार कचेरीघर आहे, आणि तीही दाखवतात. पण डिसेंबर २००५मध्ये जी संग्रहालयं उघडली त्यातलं महत्त्वाचं होतं गुदांग रान्सुम, म्हणजे शिधाकोठार. मजुरांचं सामूहिक स्वयंपाकघर.

ही इमारत १९१८ची. आत गेल्यावर प्रथम दिसतात ती भांडी. सव्वा मीटर व्यासाचे, दोन फूट खोल, बोटभर जाडीचे धातूचे हंडे. एकात मध्यम बांध्याचा माणूस मांडी घालून सहज बसेल. खाली चूल नाही. वेगळ्या इमारतीत जर्मन बनावटीचे बॉयलर होते, त्यांची वाफ जमिनीखालच्या लोखंडी नळांतून इथं यायची आणि हंडे तापायचे. रोजचा तांदूळ ६५ पिकुल, म्हणजे चार टनांच्या आसपास. त्याच्यासोबत खारवलेली मासळी, कोबी, कधी मांस किंवा खारं अंडं. हजारो माणसांचं जेवण दिवसातून ठरल्या वेळी इथून निघायचं, कारण पाळी चुकली तर कोळसा चुकणार. भरल्या पोटाची काळजी यात किती आणि हिशेब किती, हे ते हंडे पाहिल्यावर विचारावं लागत नाही. वाफेच्या नळाला जशी देखभाल मिळायची तशीच माणसाच्या पोटाला. दोन्ही यंत्राचे भाग होते.

खाण कंपनीनं स्वयंपाकघर बंद केल्यावर या इमारतीचं नशीब कुठल्याही जुन्या सरकारी इमारतीसारखं निघालं. कधी कचेरी, कधी शाळा, मग कामगारांची वस्ती. संग्रहालयासाठी ती रिकामी करून डागडुजी केली. आत फोटो, पत्रे, शिध्याची मापं, कामगारांच्या वस्तू मांडल्या आहेत. मांडणी काही दालनांत कंटाळवाणी आहे, फलक लांबलचक आहेत आणि काच घामेजलेली असते. हंड्यांजवळ मात्र शाळेची पोरं थांबतातच, आणि बरोबरच्या बाई काही सांगायच्या आत त्यांचे प्रश्न सुरू होतात: एवढा भात कोण ढवळायचं?

जमिनीखाली

दुसरी मोठी खेळी म्हणजे लुबांग म्बाह सुरो. हा बोगदा १८९८च्या सुमारास गावाच्या मधोमध, लुंतो नदीच्या कडेला खोदला गेला. डच कागदांत त्याचं नाव सुगार. लोकांच्या तोंडी मात्र नाव बसलं ते जावाहून आलेल्या एका मुकादमाचं, म्बाह सुरोचं. हा माणूस कडक होता, त्याला मंत्रतंत्र येत असे, असं सांगतात. मालकाऐवजी मुकादमाच्या नावानं ओळखली जाणारी खाण तशी विरळाच. नदीचं पाणी झिरपू लागलं, मिथेन साचू लागला, तसा १९३०च्या आसपास बोगदा बंद झाला. पंच्याहत्तरेक वर्षं तो पाण्यानं आणि गाळानं भरलेला होता आणि त्याच्या माथ्यावर गाव नांदत होतं.

२००७ साली पाणी उपसायला घेतलं. गाळ काढताना माणसांची हाडं सापडली. ती कुणाची, हे कळायला काही मार्ग नव्हता. पुढच्या वर्षी, एप्रिल २००८मध्ये, बोगद्याचा पावणेदोनशे-दोनशे मीटरांचा भाग लोकांसाठी उघडला.

उतरण्याआधी शेजारच्या माहिती केंद्रात हेल्मेट आणि गमबूट मिळतात. वाटाडे इथल्याच खाणकामगारांच्या कुटुंबांतले. पायऱ्या सुरुवातीलाच तीव्र आहेत आणि ओल्या. पहिल्या वळणावर बाहेरचा आवाज तुटतो. मग ऐकू येतं ते ठिबकणारं पाणी आणि वरून बाहेरची हवा आत सोडणाऱ्या नळाची घरघर. भिंतींना बऱ्याच ठिकाणी सिमेंटचा गिलावा आणि आधार दिलेले आहेत, पण मधेमधे कोळसा उघडा ठेवलाय. त्याला हात लावून बघावा. तो काळा-भुरा दगड नाही, काचेसारखा चमकतो, दिव्याचा उजेड परत फेकतो. बाजूला फुटणारे फाटे जाळीनं बंद केलेत. पलीकडं दिव्याचा झोत टाकला की पाणी दिसतं. कमी उंचीची माणसं सरळ चालतात, उंच माणूस सारखा मान वाकवतो. बाहेर पडतो तो वेगळ्याच तोंडातून, रस्त्याच्या पलीकडं. आपण गावातल्या रहदारीच्या खालून चालत आलो हे तेव्हा कळतं.

सगळा फेरा फार तर अर्ध्या तासाचा. पण गणित बरोबर जमलंय. बोगद्यासाठी एकही खोटी गोष्ट बनवावी लागली नाही, मेणाचे पुतळे आत उभे करावे लागले नाहीत. बाहेर साखळदंडातल्या मजुरांचे पुतळे आहेत. ते मला जरा नाटकी वाटले. आत कशाचीच गरज पडत नाही.

इथं तज्ज्ञ मंडळी आक्षेप घेतात की जुन्या बोगद्यात सिमेंट ओतून, टाइल लावलेल्या पायऱ्या करून मूळपण घालवलं. तो आक्षेप अगदीच खोटा नाही. पण पंच्याहत्तर वर्षं पाण्यात बुडालेल्या, वायू साचणाऱ्या भुयारात शाळेच्या सहली उतरवायच्या तर दुसरा इलाज काय? कोळशाच्या खाणीत 'जसंच्या तसं' ठेवणं म्हणजे धोका जसाच्या तसा ठेवणं.

बाकीचं शहर

तीन सायलो, म्हणजे कोळसा साठवायचे काँक्रीटचे उंच गोल बुरूज, गावाच्या मधोमध उभे आहेत. ते आता रिकामे आहेत, पण तिथला भोंगा ठरलेल्या वेळांना अजून वाजवतात. गिरणगावात वाढलेल्या माणसाला हे ऐकून गलबलेल. आपल्याकडं गिरण्या गेल्या, जमिनी विकल्या गेल्या, मॉलच्या आवारात शोभेला चिमणी ठेवली आणि भोंगा गेला तो गेलाच. सावालुंतोच्या जमिनीला लोअर परळचा भाव आला असता तर सायलो राहिले असते का, ही शंका माझ्या मनात आहे. गरिबीनं वारसा वाचवला, असं पुष्कळ ठिकाणी घडतं. त्यात शहराच्या शहाणपणाचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही.

वारशाचा सर्वांत झकास वापर कुठल्याही पर्यटन योजनेच्या पन्नास वर्षं आधी गावकऱ्यांनीच करून ठेवलाय. १८९४ सालचं वाफेवरचं वीजकेंद्र पडून होतं. १९५२ साली त्याची मशीद झाली. वीजकेंद्राचं सुमारे ऐंशी मीटर उंच धुराडं आता मिनार आहे, वर छोटा घुमट बसवलेला. नुरुल इस्लाम मशिदीत नमाज पढणाऱ्यांच्या पायाखाली वीजकेंद्राचे जुने तळघर आहे. जुनी इमारत नव्या कामाला कशी लावावी यावर परिषदा भरवणाऱ्यांनी ही मशीद एकदा पाहून यावी.

शहरानं याच काळात पाण्याचा बाग, म्हणजे 'वॉटरबूम', काढला. कांदी भागात खणून सोडलेल्या खड्ड्यांत तळी झाली होती, तिथं प्राणिसंग्रहालय आणि घोड्यांच्या शर्यतींचं मैदान केलं. वारसावाले यावर नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. सुरुवातीच्या वर्षांत आसपासच्या जिल्ह्यांतली कुटुंबं गाड्या भरून आली ती घसरगुंड्यांसाठी, आणि आलीच आहेत तर बोगदाही बघून गेली. तिकिटाचा गल्ला आधी तिथं जमला. सिलुंगकांगच्या विणकरांचं जरीचं सोंगकेत कापड याच लाटेवर पुढं आलं. आता त्याची दरवर्षी मिरवणूक निघते, बायका-पुरुष डोक्यापासून पायापर्यंत जर घालून चालतात.

आणि एक गोष्ट, जी तिकीट लावून दाखवता येत नाही. चाळींत जावानी, मिनांगकाबाऊ, चिनी, बाली, बुगिस अशी सगळी माणसं कोंबलेली होती. त्यांना एकमेकांशी बोलायला एक खिचडी बोली तयार झाली. तिला 'तांसी' म्हणतात, म्हणजे चाळीची बोली, आणि इंडोनेशियानं तिची राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली आहे. बोलणारे म्हातारे होत चाललेत.

जिथं गाडी अडली

अडली ती शब्दशः. युनेस्कोच्या नोंदीत १२ घटक आहेत, तीन भागांत: खाण आणि खाणीचं शहर, रेल्वे, आणि बंदरावरची कोळशाची साठवण. म्हणजे वारसा फक्त गावापुरता नाही. खाण, घाट आणि बंदर यांची जी एकसंध साखळी डचांनी बांधली, तिला मान मिळाला. पण या साखळीतलं रेल्वेचं कडं आज चालत नाही. पाडांगहून सावालुंतोला रेल्वेनं येता येत नाही. कितीतरी ठिकाणी रुळांवर गवत आहे, कडेला टपऱ्या आणि घरं सरकत आली आहेत. रूळ, स्थानकं आणि पूल सरकारी रेल्वे कंपनीचे, खाणीतल्या इमारती बुकिट आसामच्या, रस्ते प्रांताचे. नोंदीतले घटक सात वेगवेगळ्या जिल्हे-शहरांत पसरलेले. सावालुंतोच्या महापौरानं कितीही मनावर घेतलं तरी आनाई घाटातला एक स्लीपर त्याला बदलता येत नाही.

हौसेला 'माक इताम' आहे, काळा मामा म्हणा हवं तर. ई-१०६० क्रमांकाचं, जर्मनीतल्या एस्लिंगन कारखान्याचं दातेरी चाकाचं वाफेचं इंजिन. ते मध्य जावातल्या आंबारावाच्या संग्रहालयात गेलं होतं. शहरानं पाठपुरावा करून परत आणलं, थोडे दिवस मुआरो कालाबानपर्यंत पळवलं, मग ते बिघडून शेडमध्ये बसलं. डिसेंबर २०२२मध्ये पुन्हा सुरू झालं. काळोख्या बोगद्यातून ते शिटी मारत जातं तेव्हा मोठी माणसंही पोरांसारखी खिडकीला लोंबतात. पण हे चार-पाच किलोमीटरांचं खेळणं झालं. १५५ किलोमीटरांच्या वारशाची जागा ते घेऊ शकत नाही.

दुसरी अडचण मुक्कामाची. पाहुणे बहुतेक सकाळी येतात आणि सूर्य कलायच्या आत परततात. घरगुती मुक्कामाच्या खोल्या शहरानं उभ्या केल्या, त्या चांगल्या आहेतही, पण शनिवार-रविवार सोडले तर त्यांतल्या बऱ्याच रिकाम्या. खाणीनं एका काळी जितक्या घरांत पगार दिला तितक्या घरांत पर्यटन पैसा नेत नाही. तसा दावा कुणी प्रामाणिक माणूस तिथं करतही नाही.

आणि मग तिसरी, माझ्या लेखी सर्वांत मोठी. सावालुंतोला 'पूर्वीचं खाणशहर' म्हणतात. वाढलेल्या हद्दीतल्या तालावी भागात कोळसा अजून निघतोय. जून २००९मध्ये तिथल्या एका खाणीत वायूचा स्फोट होऊन ३२ माणसं गेली. डिसेंबर २०२२मध्ये, माक इताम पुन्हा धावू लागलं त्याच महिन्यात, आणखी एका खाणीत स्फोट झाला आणि १० जण मेले. कारण तेच, मिथेन. सिजांतांगला कोळशावरचं २०० मेगावॅटचं ओम्बिलिन वीजकेंद्र १९९६पासून चालू आहे. त्याच्या राखेबद्दल आणि धुराबद्दल शेजारच्या गावकऱ्यांच्या तक्रारी जुन्या आहेत.

संग्रहालयातल्या फलकांवर हे काही सापडणार नाही. क्रमांकांच्या थडग्यांसमोर आपण हळहळतो, कारण तो जुलूम डचांचा होता आणि तो संपलाय. २००९च्या ३२ जणांना नावं होती, पगार होता, बेड्या नव्हत्या. त्यांना त्याच ओळीत बसवणं हे बटबटीत होईल, हे मला कळतं. पण म्बाह सुरोच्या बोगद्यात वाटाड्या मिथेन म्हणजे काय हे समजावून देतो, आणि तो वायू याच शहराच्या हद्दीत आजही माणसं मारतोय हे सांगत नाही, यात काहीतरी सुटतंय. या अपघातांबद्दल दोन वाक्यं माहिती केंद्रात लिहायला खर्च येत नाही. तिकीटविक्री कमी होईल असंही नाही. अडचण आहे ती अशी की चालू खाणीला मालक असतो, परवाने देणारं खातं असतं. मेलेल्या डच साहेबाला वकील नसतो.

जाणाऱ्यांसाठी

विदर्भात, नागपूरजवळ सावनेरला, वेस्टर्न कोलफील्ड्सनं खाण-पर्यटन सुरू केलेलंच आहे. बल्लारपूर-चंद्रपूरकडच्या जुन्या खाणींबद्दलही कुणी ना कुणी बोलत असतं. त्या कामात असलेल्यांनी सावालुंतो एकदा बघावं, आणि बघायचं तर दोन दिवस काढून.

पाडांगहून रस्त्यानं सोलोकमार्गे अडीच-तीन तास लागतात. सितिंजाऊ लाउइकच्या वळणांवर पोट हलतं, म्हणून निघताना जेवण हलकं ठेवावं. पहिल्या दिवशी सकाळी बोगदा, त्याला लागूनच शिधाकोठार, मग १९१२ सालच्या स्थानकातलं रेल्वे संग्रहालय. त्या दिवशी इंजिन चालणार का हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावं. गमबूट तिथं मिळतात, पण मोजे आपले न्यावेत. दुपारी मशीद, नमाजाच्या वेळा सोडून. संध्याकाळी कुठल्याही टेकडीवर गेलात तर सगळं खोरं एका नजरेत येतं: सायलो, धुराडं, साहेबांचे बंगले वर आणि चाळी खाली.

दुसऱ्या दिवशी गाडी करून तालावीकडं जावं. तिथं मोहम्मद यामीन यांचं जन्मगाव आणि समाधी आहे. १९२८ची तरुणांची शपथ, म्हणजे इंडोनेशियाच्या एकजुटीची प्रतिज्ञा, ज्यांच्या लेखणीतून उतरली ते हेच. इंडोनेशियन पाहुणे तेवढ्यासाठीच जातात. वाटेत कांदीची तळी लागतात, पाणी हिरवंगार दिसतं. पोहायच्या फंदात पडू नये, खाणीचे खड्डे अचानक खोल जातात. पुढं कोळशाचे ट्रक भेटू लागतात आणि सिजांतांगची चिमणी दिसू लागते. वाटाड्या तिकडं आपणहून नेणार नाही, त्याला सांगावं लागेल.